पाठीमागचा डोंगर

'पळून जाऊन लग्न' म्हटलं की समोरच्याचे कान टवकारतात. आमच्या बाबतीत तसं चटपटीत काही नव्हतं. कुणाचा विरोध नव्हता, कुणी मागावर नव्हतं. पाहुण्यांची यादी चारशेच्या वर गेली, तिच्यावरून दोन्ही घरांत तीनदा रुसवेफुगवे झाले आणि एका रात्री तो म्हणाला, "जाऊ या का कुठेतरी? डोंगरावर. दोघंच." हो म्हणायला मला मिनिटभर लागलं असेल. जागा ठरायला आठ महिने लागले.

पूर्वीच्या लोकांचं एका अर्थी बरं होतं. १७५४मध्ये इंग्लंडात नवा विवाह कायदा लागू झाला आणि एकवीसच्या आतल्या मुलामुलींना लग्नासाठी आईवडिलांची संमती लागू लागली. स्कॉटलंडमध्ये ती अट नव्हती. मग जोडपी घोडागाडीतून सरहद्द ओलांडायची आणि रस्त्यावर लागणाऱ्या पहिल्याच गावात, ग्रेटना ग्रीनमध्ये, लोहाराच्या ऐरणीपुढे उभी राहायची. जागेचा निकष एकच : सरहद्दीपलीकडचं पहिलं गाव. वारा कसा आहे, ऊन कुठून येतं, असले प्रश्न पाठलाग होणाऱ्या माणसाला पडत नाहीत. आम्हाला पाठलागच नव्हता, त्यामुळे सगळे प्रश्न पडले.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली, फोटोंपासून. महिनाभरात माझ्या फोनमध्ये साठ-सत्तर फोटो जमले. कड्याच्या टोकावर उभं जोडपं, खाली दरी, समोर बर्फाची शिखरं, मुलीच्या झग्याचा घोळ वाऱ्यावर उडतोय. एका रविवारी ते सगळे ओळीनं बघताना तो म्हणाला, "अगं, यातल्या निम्म्या लोकांचे चेहरेच दिसत नाहीत. सगळे पाठमोरे." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

फोटोंतल्या प्रसिद्ध जागा आधी गळाल्या. कॅनडातलं मोरेन लेक घ्या. दहा शिखरांच्या पायथ्याशी निळंशार तळं, बघताक्षणी वाटतं इथंच. पण तिथल्या गर्दीपायी २०२३पासून खासगी गाड्यांना रस्ताच बंद आहे, बसची जागा राखून जावं लागतं. चारशे पाहुण्यांना टाळून चारशे अनोळखी लोकांसमोर लग्न करण्यात काय हशील? म्हणूनच आम्ही शेवटी जिथं उभे राहिलो त्या डोंगराचं नाव मी इथं देणार नाही. लपवाछपवी नाही, पण उंचावरची झुडपं आणि गवत फार हळू वाढतं. एकाच जागी शे-दोनशे जोडप्यांनी टाचा रोवल्या की ती जागा वर्षानुवर्षं उघडीबोडकी राहते. ज्याला हवी असेल त्यानं आपली जागा शोधावी. शोधण्यातच खरी गंमत आहे, आणि मनस्तापही.

मग आली उंचीची चढाओढ. त्याला ३,६०० मीटरवरचं एक तळं भलतंच आवडलं होतं. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमी असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. तब्येत दणकट असली म्हणून सुटका नाही. वाटेत एक-दोन मुक्काम करून शरीराला सवय लावायची, तर चार-पाच दिवस त्यातच जाणार. शिवाय आता आम्ही दोघंच राहिलो नव्हतो. त्याला राहवेना म्हणून त्यानं आपल्या ताईला सांगितलं होतं, आणि फोटोंसाठी माझी मैत्रीण येणार होती. "लग्नाच्या दिवशी डोकं धरून बसलेली नवरी मला फोटोत नकोय," असं मैत्रिणीनं स्पष्ट सांगितलं आणि तळं बाद झालं.

शेवटी एकाच डोंगररांगेतल्या दोन जागा उरल्या. आम्ही त्यांना 'तळं' (हे दुसरं, कमी उंचीवरचं) आणि 'धार' म्हणायचो. पायथ्याचं गाव १,२०० मीटरवर, गाडीरस्ता १,५००पर्यंत. तिथून पुढे पायी.

पहिली पाहणी तळ्याची. पाच किलोमीटरची वाट, सहाशे मीटर चढ. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२मध्ये एक ठोकताळा सांगितला, तो डोंगर चढणारे अजून वापरतात : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक. म्हणजे आमचे झाले दोन तास. आम्हाला लागले दोन तास पन्नास मिनिटं. नेस्मिथच्या हिशोबात घसाऱ्यावर दोन पावलं पुढे आणि एक मागे असं चालणं धरलेलं नाही, दर वळणावर थांबून "वा!" म्हणणंही नाही. तेव्हापासून आम्ही हिशोबाच्या दीडपट वेळ धरायला लागलो, तो बरोबर ठरला.

तळं फोटोत होतं तस्संच होतं. स्थिर पाणी, त्यात उलटी शिखरं. सूर्यास्ताच्या सोनेरी उजेडात लग्न लावायचं असं मनात होतं, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो. फोनवर सूर्यास्ताची वेळ ६ वाजून ४० मिनिटं. सव्वापाचला तळ्यावरचा उजेड एकदम गेला. विझवल्यासारखा. पाणी करडं झालं, शिखरांचं प्रतिबिंब मळकट दिसायला लागलं आणि अंगावर शिरशिरी आली. तळ्याच्या पश्चिमेला उंच कडा होता, सूर्य त्याच्यामागे गेला एवढंच. फोन सांगतो ती वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजाची. डोंगरात तुमचा सूर्यास्त तुमच्या पश्चिमेचा डोंगर ठरवतो.

हे आधी मोजता येतं, हे त्या दिवशी वाटाड्यानं दाखवलं. हात लांब करायचा, मूठ वळायची. ती आडवी मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. क्षितिजापासून कड्याच्या माथ्यापर्यंत दीड-दोन मुठी भरल्या, तर ऊन तासाभराहूनही आधी जाणार. सूर्य तिरपा उतरत असल्यामुळे हिशोब आणखी थोडा लांबतो. आम्ही दोघं तळ्याकाठी हात लांब करून मुठी मोजत उभे. लांबून कुणी पाहिलं असतं तर कुठल्या पंथाचे म्हणून विचारलं असतं.

तळं त्या मुठींवरच बाद झालं. परतीची वाट अंधारात, बॅटरीच्या उजेडात घसाऱ्यावरून उतरताना माझा पाय दोनदा सरकला, तेही एक कारण होतंच.

धारेच्या पाहणीला मैत्रीण सोबत आली, आणि ताईही. तिला यायचंच होतं. आपल्याला उंचीची भीती वाटते हे तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि तिला स्वतःलाही ते नीट माहीत नव्हतं असं माझं मत आहे. २,३०० मीटरवर डोंगराची लांब धार, दोन्हीकडे उतार, समोर एकामागे एक सात रांगा. मी मोजल्या. शेवटच्या दोनशे पावलांवर वाट अरुंद होते आणि डावी बाजू उघडी पडते. वाट तशी कठीण नाही, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद आहे. पण ताईनं डावीकडे एकदा पाहिलं, मागे वळली, तीस-चाळीस पावलं खाली जाऊन एका मोठ्या दगडाच्या आडोशाला खोलगट जागेत बसली आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी इथून आशीर्वाद देते."

आम्ही वर गेलो. काय ते दृश्य! खरं सांगते, पाच मिनिटं दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मग मैत्रीण म्हणाली, "आता उभे राहा ना जसे राहणार आहात तसे. बघू दे." समोरासमोर उभे राहिलो. त्यानं खिशातून कागद काढला. एकमेकांना जे म्हणायचं होतं ते आम्ही लिहून आणलं होतं; खरं नाही, रंगीत तालमीसाठी काहीतरी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सात रांगा माझ्या पाठीमागे आहेत. मला दिसत होता तो, त्याच्यामागे आम्ही चढून आलेला भुंडा उतार आणि दूर गाडीतळाचा पत्रा. त्याला म्हटलं, जागा बदलू. बदलली. आता सात रांगा मला, गाडीतळ त्याला. शेजारी शेजारी दरीकडे तोंड करून उभे राहिलो, तर सिनेमाच्या तिकिटाच्या रांगेत उभे असल्यासारखे. त्या साठ-सत्तर फोटोंतली माणसं पाठमोरी का होती ते तिथं कळलं. समोर बघायचं तर एकमेकांकडे पाठ, नाहीतर दृश्याकडे पाठ.

त्यानं वाचायला सुरुवात केली. ओठ हलताना दिसत होते. "…तुझ्या… कधीही… असेन." बाकी सगळं वाऱ्यानं नेलं. मी म्हटलं, "काय?" तो ओरडला, "असेन म्हणतोय!" कागद फडफडत होता, माझे केस तोंडात जात होते, मैत्रीण कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळत काहीतरी सांगत होती, तेही ऐकू येत नव्हतं. वारा वादळी वगैरे मुळीच नव्हता. धारेवर असतो तसाच होता. उतारावरून वर चढणारी हवा माथ्यावर येते तेव्हा तिला वाट अरुंद पडते आणि तिचा वेग वाढतो. खाली गावात पान हलत नसलं तरी धारेवर केस विस्कटतात. सगळ्या रांगा समोर दिसतात ती जागा वाऱ्यालाही मोकळी असते, हे इतकं साधं आहे की कुणी सांगतच नाही.

हिरमुसून खाली उतरायला लागलो. वीसेक पावलांवर असताना दगडाच्या आडोशातून ताईचा आवाज आला, "काय रे, झालं का तुमचं?" आवाज चढवलेला नव्हता. घरात पलीकडच्या खोलीतून विचारावं तसा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत थांबलो.

तो पुढे जाऊन ताईच्या शेजारी उभा राहिला, मी चार पावलं लांब. त्यानं कागदावरचं पहिलं वाक्य पुन्हा वाचलं, अगदी हळू. सगळं ऐकू आलं. जागा म्हणजे माथ्याखाली डोंगराच्या पोटात एखाद्या ओंजळीसारखी पडलेली खळगी. वाऱ्याकडच्या बाजूला पुरुषभर उंचीचा कातळ, पायाखाली दगड आणि खुरटं वाळकं गवत. तिथून सातांपैकी तीनच रांगा दिसतात, त्यातली एक अर्धी. ताई म्हणाली, "इथं काय वाईट आहे?" मैत्रिणीनं मान वाकडी करून पाहिलं, दोन फोटो काढले आणि म्हणाली, "काही वाईट नाही."

आनंदात तिथं तासभर रेंगाळलो, ती मात्र चूक झाली. दुपारी एकच्या सुमाराला पलीकडच्या शिखरामागे ढगांचा फुलकोबी उगवला आणि बघता बघता काळा पडला. वीज चमकली. मी मोजलं, नऊ सेकंदांनी गडगडलं. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज तीन किलोमीटरवर. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असलं की तुम्ही धोक्याच्या टप्प्यात असता. आम्ही तर कधीच आत होतो. ज्या कातळाचं इतकं कौतुक चाललं होतं त्याच्या आडोशाला अशा वेळी थांबायचं नसतं, एकटा उंच दगड आणि एकटं झाड दोन्ही टाळायचं. आम्ही अक्षरशः पळालो. ताई सगळ्यात पुढे. दरी, भीती, काही तिच्या गावी नव्हतं.

दिवसा उतार तापतात, हवा वर चढते, दुपारपर्यंत तिचे ढग होतात. डोंगरात हे इतकं नेमानं होतं की जुनी माणसं बाराच्या आत माथा सोडतात. सूर्यास्ताचा हट्ट त्या दिवशी संपला. लग्न सकाळी.

तिसऱ्या खेपेला आम्ही दोघंच गेलो, ठरलेल्या दिवसाच्या दोन आठवडे आधी. त्यामुळे सूर्य जवळपास त्याच जागी उगवणार होता. सहा महिने आधी जाऊन पाहिलेली सूर्योदयाची दिशा कामाची नसते, ऋतूप्रमाणे सूर्य क्षितिजावर बराच सरकतो. रात्रीच गाडीतळावरून निघालो, साडेपाचला खळगीत. मी मांडीवर वही घेऊन बसले. त्या पानावर लिहिलेलं असं आहे :

'५.३५ वरून खाली येणारा गार वारा, मंद. ५.५० तांबडं. ६.१२ फोनप्रमाणे सूर्योदय, इथं नाही. ६.२० वारा थांबला. ६.३० दरीत धुकं, पांढरं, सपाट, दुधासारखं. ६.५१ ऊन कातळाच्या माथ्यावर. ६.५५ ऊन त्याच्या कानावर. ७.२० वारा पुन्हा, आता खालून वर.'

पूर्वेचा डोंगर मुठीहून किंचित बुटका होता, त्यामुळे ऊन चाळीस मिनिटं उशिरा आलं. आणि वाऱ्याची ती मधली सुट्टी तर सोन्यासारखी. रात्री गार झालेली जड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन पडून उतार तापले की उलट वर चढायला लागते. कूस बदलताना मध्ये काही वेळ ती स्वस्थ असते. आमच्या खळगीत हा वेळ सहा वीस ते सात वीस. मैत्रिणीला वही दाखवली तेव्हा तिनं आणखी एक गोष्ट सांगितली : सूर्याकडे तोंड करून उभे राहू नका, एकजण डोळे मिचकावेल आणि दुसरा काळा दिसेल. दोघांनीही सूर्य खांद्याच्या बाजूला घ्यायचा. म्हणजे कुणाच्या मागे काय दिसणार हेही तिथंच ठरलं. माझ्या मागे दरी, त्याच्या मागे कातळ. त्या तीन रांगांतली एकही मला दिसणार नव्हती. चालेल म्हटलं.

त्याच पानावर खाली एक ओळ आहे : 'नेटवर्क – वर नाही. उतरताना दुसऱ्या वळणावर, पडक्या भिंतीजवळ, एक दांडी.' कुणाचा पाय मुरगळला तर मदत कुठून मागवायची, यासाठी ते लिहून ठेवलं होतं.

परवानगीचं प्रकरण मी मनापासून टाळत आले होते. डोंगर संरक्षित भागात येत होता. आपण चौघं जाणार, उभे राहणार, परत येणार, त्याला परवानगी कसली, असं मला वाटायचं. पण संरक्षित जागांत लग्नासारखा 'कार्यक्रम' आणि पैसे देऊन काढलेले फोटो यांसाठी बहुतेक ठिकाणी कागद लागतो, आणि ड्रोन तर सरसकट नाकारतात, कारण पक्षी बिथरतात. कचेरीत तिसऱ्या फेरीला संबंधित गृहस्थ भेटले. अर्जावर रकाने होते : तंबू, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, सजावट, वाहने. सगळीकडे मी 'नाही' लिहिलेलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"फुलं उधळणार?"

"नाही."

"कागदी चमकी, फुगे, धूर?"

"नाही हो."

"मग लग्न म्हणजे तिथं नक्की करणार काय?"

"बोलणार," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला आणि 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'संभाषण'. तो कागद आम्ही जपून ठेवलाय.

कायद्याचं लग्न हे वेगळंच खातं, आणि त्याची गाठ जागेशी घालायची की नाही हे आधी ठरवलेलं बरं. देशोदेशीचे नियम कुठल्या कुठे जातात. स्कॉटलंडमध्ये अधिकृत व्यक्ती आणि दोन साक्षीदार असले तर उघड्या डोंगरावरचं लग्नही कायदेशीर. शेजारच्या इंग्लंडात मान्यता असलेलीच जागा हवी. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत तर लग्न लावणारा कुणी नसला तरी चालतं, दोघांनीच कागदावर सह्या करायच्या. आम्ही सरळ मार्ग धरला. नोंदणी आधी एका मंगळवारी कचेरीत उरकली, पंख्याखाली, टेबलावर शाईचा डाग होता. त्या दिवशी काही वाटलं नाही असं तो म्हणतो. मला थोडं वाटलं होतं, पण मी त्याला सांगितलं नाही.

कपड्यांबद्दल एवढंच : दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. गावचा अंदाज अकरा अंश म्हणजे खळगीत चार-साडेचार. झग्याच्या आत दोन थर गरम कपडे, पायांत चालायचे बूट, आणि झगा पाठपिशवीत गुंडाळून. चुरगळला. कुणाला दिसलं नाही. ऊन उंचावर जास्त भाजतं, हजार मीटरमागे सुमारे दहा टक्के अतिनील किरणं वाढतात, ते मला परत आल्यावर नाकाच्या शेंड्यावर कळलं.

ठरलेल्या दिवशी पहाटे वर पोचलो, बॅटरीचा झोत खळगीत टाकला आणि समोर नारिंगी तंबू.

बरोब्बर आमच्या जागी. कातळाला टेकून, चारी खुंट्या ठोकून. तीन खेपा, मुठी, वही, वाऱ्याची वेळ, संभाषणाचा परवाना, आणि तिथं कुणीतरी घोरत होतं. घोरणं अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. जागा ऐकण्याला चांगली आहे हे पुन्हा सिद्ध झालं. मला रडू यायच्या बेतात होतं. तो मात्र खाली बसून हसायला लागला, आधी आवाज दाबून, मग दाबता येईना. घोरणं थांबलं. तंबूची चेन उघडली, त्यातून लोकरी टोपी घातलेलं एक डोकं बाहेर आलं, त्यानं चार बॅटऱ्या पाहिल्या आणि म्हणालं, "इथं झोपायला बंदी आहे का?"

"नाही काका," ताई म्हणाली, "पण इथं लग्न आहे."

त्यांनी तंबू हलवायची तयारी दाखवली, पण ओल्या कापडाशी झटापट करता करता सहा वीस झाले असते. आम्हीच बाजूला सरकलो. खळगीच्या दुसऱ्या टोकाला, चाळीसेक पावलांवर, कातळाचाच उतरता भाग होता, गुडघाभर उंच. वारा थांबलेला होता, त्यामुळे आडोसा तेवढा लागलाच नाही. शिवाय तिथून चौथी रांग दिसत होती, हे कुणाच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. काका विचारत होते, खाली जाऊ का. ताई म्हणाली, "कुठं जाताय अंधारात, बसा हो." ते बसले, तंबूच्या दारात, टोपी काढून.

ऊन आलं ते सहा त्रेपन्नला. आधी त्याच्या केसांवर, मग कपाळावर. त्याच्या हातातला कागद थरथरत होता आणि या वेळी तो वाऱ्यानं नव्हता. मी प्रत्येक शब्द ऐकला. एक वाक्य सोडून, कारण ऐन तेव्हा काकांच्या हातून भांड्याचं झाकण दगडावर पडलं आणि घरंगळत गेलं. मी म्हटलं, "परत म्हण." त्यानं परत म्हटलं. ते वाक्य काय होतं ते सांगणार नाही, डोंगराच्या नावासारखंच.

माझ्या पाठीमागे दरीत धुकं भरलं होतं आणि त्यातून रांगा बेटांसारख्या वर आल्या होत्या, असं फोटोंत दिसतं. मी ते संपल्यावर वळून पाहिलं, तेव्हा निम्मं विरलं होतं.

आठच्या आत निघालो. जाताना गवतात काही पडलं नाही ना, ते ताईनं वाकून वाकून पाहिलं. तिला केसांची एक पिन सापडली, माझी नव्हती. काका लांबवर हात हलवत होते. उतरताना उघड्या बाजूची दोनशे पावलं लागणारच नव्हती, कारण आम्ही धारेवर गेलोच नव्हतो, आणि ताई गाणं गुणगुणत होती.

दुसऱ्या वळणावर, पडक्या भिंतीपाशी, चौघांचेही फोन एकदम किणकिणायला लागले. सगळे थांबले. मैत्रीण आणि ताई उगाच पुढे जाऊन बुटाचे बंद बांधत बसल्या. तो म्हणाला, "आधी कुणाला?" मी आईचा नंबर लावला. एकच दांडी होती. आठ महिने घोकलेलं वाक्य मी एका दमात बोलून टाकलं. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. खालून वर येणारा वारा आता नीट सुरू झाला होता.

"हॅलो? अगं, मोठ्यानं बोल," आई म्हणाली. "एवढा वारा कसला येतोय तिथं? काही ऐकू येत नाहीये मला."